आज लिलाव नाहीत?

[दृश्य: लासलगाव, सकाळ. कांद्याच्या ट्रॅक्टरची रांग, बोलीचा गलका.]

लासलगावात बोली सुरू झाली की रांगेतल्या शेतकऱ्याला दुसरीकडची खबर हवी असते. पिंपळगावला काय निघाला? चांदवडला? येवल्याला? उत्तर आता मोबाईलवर येतं: बाजार समिती, आवक, किमान, कमाल आणि सरासरी भाव, क्विंटलमागे.

[दृश्य: नाशिक, कॉलेज रोड. छोटं ऑफिस, स्क्रीनवर कोड.]

हा तक्ता रोज कुणी टाइप करत बसत नाही. टेम्प्लेटमध्ये, म्हणजे पानाच्या साच्यात, त्याची ओळ एकदाच लिहिलेली आहे. वर 'फॉर', खाली 'एंडफॉर'. यादीत जितक्या समित्या, तितक्या वेळा ती ओळ उमटते; या फेऱ्यांना म्हणतात लूप. उद्या उमराणे वाढलं तरी टेम्प्लेटला हात लावायला नको. अनुक्रमांकही 'लूप डॉट इंडेक्स' देतो, आणि तो एकपासून मोजतो.

टेम्प्लेट लिहायची ही भाषा जिंजा. आर्मिन रोनाखर यांनी ती जँगोच्या, म्हणजे पायथन या प्रोग्रामिंग भाषेत वेबसाइट बांधायच्या एका चौकटीच्या, टेम्प्लेटवरून घडवली. जँगोचा जन्म अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, लॉरेन्सच्या एका वर्तमानपत्राच्या कचेरीतला. २००५ मध्ये तो सर्वांना खुला झाला.

[दृश्य: स्क्रीनवर तक्ता, तळाशी 'एकूण आवक: ०'.]

एकूण आवक काढताना नवखे हमखास इथे अडकतात. लूपच्या आधी शून्य मांडायचं, आत 'सेट' करून आवक मिळवत जायची, खाली छापायची. छापलं जातं शून्यच! जिंजात लूपच्या आत 'सेट' केलेलं त्या फेरीपुरतंच टिकतं. २.१० आवृत्तीपासून 'नेमस्पेस'ची, म्हणजे फेऱ्या संपल्यावरही आकडा टिकवणाऱ्या डब्याची, पळवाट आहे खरी. पण बेरीज पायथनमध्येच उरकावी; हिशेब करणं हे टेम्प्लेटचं काम नव्हे.

[दृश्य: रिकामं मार्केट यार्ड.]

खरी कसोटी बंदच्या दिवशी. यादी रिकामी आली तर लूप एकदाही फिरत नाही, आणि चूक झाली असंही कुणी सांगत नाही. पानावर नुसते रकान्यांचे मथळे. ट्रॅक्टर भरून बसलेल्या माणसाला वाटतं, नेट गेलं.

यासाठी जिंजात 'फॉर'च्या पोटात 'एल्स' लिहिता येतं, जँगोत त्यालाच 'एम्प्टी' म्हणतात. यादी रिकामी असेल तरच तो भाग छापला जातो. तिथे 'आज लिलाव नाहीत' लिहून मोकळं व्हावंसं वाटतं. पण यादी रिकामी असण्याचं कारण लूपला ठाऊक नसतं; लिलाव जोरात चालू असतील आणि आकडेच पोहोचले नसतील.

म्हणून या तक्त्यात 'एल्स'च्या आत आणखी एक 'इफ', म्हणजे अट, आहे. समितीकडून सुट्टीची नोंद आली असेल तर 'आज लिलाव बंद'. नसेल तर 'आजचे भाव अजून आलेले नाहीत', आणि खाली कालचा तक्ता, तारखेसकट.