बस येतली

नमस्कार श्रोतेहो. पर्यटनात कुठले देश पुढे आणि कुठले मागे, यावर बोला असं मला सांगितलंय. तेव्हा यादी आधी उरकून टाकतो.

वर्ल्ड इकॉनॉमिक फोरमने २०२४ साली ११९ देशांचा पर्यटन विकास निर्देशांक काढला. पहिली अमेरिका, दुसरा स्पेन, तिसरा जपान, मग फ्रान्स आणि ऑस्ट्रेलिया. आपला नंबर ३९ वा. पुन्हा सांगतो, ११९ देशांत ३९ वा. दक्षिण आशियात आपल्यावर कोणी नाही, म्हणून अगदीच खाली मान घालायचं कारण नाही.

पण प्रगतिपुस्तक उघडून बघा. निसर्गात आपण जगात ६ वे, संस्कृतीत ९ वे. म्हणजे देवाने दिलेलं आणि पूर्वजांनी ठेवलेलं, यात आपण पहिल्या दहांत. मग ३९ वर घसरलो कुठे? एकूण १७ विषय असतात. सुरक्षितता, स्वच्छता, इंटरनेट, पाहुण्यांच्या सोयी, असे. जे आपल्याला हातांनी करायचं होतं, तिथे गुण गेले. एवढं लक्षात ठेवा. निसर्गात ६ वे, एकूण ३९ वे. बाकी कोष्टक मी वाचत बसत नाही, कारण याच विषयावरची एक हकिकत माझ्यापाशी आहे.

२०१७ ची चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी. त्या वर्षी ती ऑगस्टातच आली होती. आमचं घर गोव्यात, सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या पुढे, रस्त्याला लागून. दुपारची आरती झालेली, पानं मांडायची तयारी चाललेली, आणि पाऊस असा की समोरची पोफळी दिसेना. एवढ्यात पडवीवर दोन माणसं येऊन उभी राहिली. नवराबायको, पन्नाशीची, गोरी, नखशिखांत भिजलेली. धबधबा बघायला गेले होते. त्याने इंग्रजीत विचारलं, वाळपईला जाणारी बस किती वाजता?

बाबा म्हणाले, "येतली मरे."

मी भाषांतर केलं, बस येईल. त्याने मान डोलावली आणि परत विचारलं, किती वाजता? बाबांनी घड्याळाकडे पाहिलं नाही, आभाळाकडे पाहिलं. "पावस कमी जालो की येतली." तेवढ्यात शेजारचे काका आले, त्यांनाही त्याने विचारलं. काका म्हणाले, "येतली." आतून आईचा आवाज, "येतली रे, तांकां जेवंक बसय!" त्या माणसाने खिशातून वही काढली आणि तो शब्द लिहून घेतला. मला वाटलं भाषा शिकतोय. नंतर कळलं, त्याला ते बस कंपनीचं नाव वाटलं होतं.

जेवायला बसवलं. खतखतं, मुगागाठी, मणगणं, नेवऱ्या. नेवरीत सारण खोबऱ्याचंच हवं, हल्ली रवा भरतात त्याला मी नेवरी म्हणत नाही, पण ते असो. बाईंनी चार खाल्ल्या. मग दोघं गणपतीसमोर उभी राहिली ती वर बघतच. माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगलेली फळापानांची चौकट! सुपारीचे घोस, तोरंजन, चिबूड, आंबाडे, कांगले, घागऱ्या. आई एकेकाचं नाव सांगत होती, बाई बोटांवर मोजत होत्या. रानातलं एकेक फळ कोण कुठून घेऊन आलं, हेही आईने सांगितलं. मी भाषांतर करून करून दमलो.

मग गप्पांत कळलं, हा गृहस्थ स्पेनचा, आणि धंद्याने बस ड्रायव्हर! शहराच्या बसवर वीस वर्षं. त्यांच्याकडे म्हणे थांब्यावर पाटी असते, पुढची बस किती मिनिटांत ते तिच्यावर दिसतं. चार मिनिटं उशीर झाला तर लोक वर हातातलं घड्याळ दाखवतात. आणि तो इथे तीन तास आमच्या पडवीवर बसला होता, दर दहा मिनिटांनी वही काढून.

पावणेसातला बस आली. थांबली, आणि ड्रायव्हरच खाली उतरला. इंजिन चालू ठेवून. "देवाक पाया पडटां," म्हणत सरळ आत. त्याच्यामागे कंडक्टर. त्यांच्यामागे सात-आठ पॅसेंजर. सगळ्यांनी दर्शन घेतलं, आईने सगळ्यांच्या हातावर नेवरी ठेवली. आमचा स्पॅनिश पाहुणा एकदा बसकडे बघे, एकदा घड्याळाकडे. शेवटी मला म्हणाला, मी असं केलं तर दुसऱ्या दिवशी घरी बसेन. मी दोन्ही ड्रायव्हरांची ओळख करून दिली. आमच्या ड्रायव्हरने त्याला पुढे स्वतःच्या बाजूच्या सीटवर बसवलं आणि तिकीट घेऊ दिलं नाही. कंडक्टरचा चेहरा बघण्यासारखा होता.

आता सांगा, यातलं निर्देशांकात काय मोजायचं? माटोळीला गुण मिळतील. तीन तासांचे कापले जातील, आणि कापावेतच. पाहुणचाराने वेळापत्रकाची भरपाई होते असं म्हणणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत, मी त्यांतला नाही. पडवीवर आमच्याऐवजी बंद दार असतं तर?

स्पेनने काय केलं? जुने किल्ले, मठ, वाडे यांत सरकारी हॉटेलं चालवली, परादोर म्हणतात त्यांना. पहिलं १९२८ सालचं. आपले किल्ले मोजा आणि त्यांत रात्री मुक्काम करता येतो असे किती, तेही मोजा. अर्थात स्पेनलाही ते आता जड जातंय. २०२४ मध्ये तिथे सुमारे ९ कोटी ४० लाख परदेशी आले, देशाची लोकसंख्या पाच कोटींच्या आत! त्याच वर्षी जुलैत बार्सिलोनात रहिवाशांनी पर्यटकांवर पिचकाऱ्या मारल्या. आपल्या पणजीत फोंतेन्हास या जुन्या वस्तीतल्या लोकांना विचारा, दारात फोटो काढणाऱ्यांना तेही कंटाळलेत. भूतानने उलटी वाट धरली. परदेशी पाहुण्याकडून रात्रीचे १०० डॉलर आणि आपल्याकडून १२०० रुपये शुल्क घेतात, थोडेच या म्हणतात. आपल्याला दोन्हींतलं काय हवं, हे अजून कोणी ठरवलेलं मला तरी दिसत नाही. गोवा म्हणजे कळंगुट आणि बागा हे दोन किनारे, एवढंच ठरलंय.

आमच्या नाक्यावरच्या दुकानाच्या फळीवर आता खडूने बसच्या वेळा लिहिलेल्या असतात. मीच लिहितो, कंडक्टरांना विचारून. पावसात पुसतात, परत लिहितो. शेवटच्या बसपुढे मात्र वेळ नाही. तिथे बाबांनी हट्टाने एकच शब्द लिहायला लावलाय. कुठला, ते तुम्हाला कळलंच असेल.

नमस्कार.