शेवटच्या तीस फुटांतला लॅग

[दृश्य : ठाणे-बेलापूर रोड, संध्याकाळ. रस्त्याच्या पूर्वेला एमआयडीसीच्या इमारती.]

ऐरोली सोडलं की रबाळे, घणसोली, मग महापे. कारखान्यांच्या या पट्ट्यात आता मोठमोठ्या, जवळजवळ बिनखिडक्यांच्या इमारती उभ्या आहेत. गच्चीवर ओळीने कूलिंगची यंत्रं, दाराशी कडक पहारा. ही डेटा सेंटर, म्हणजे इंटरनेट चालवणाऱ्या सर्व्हरची, मोठ्या कॉम्प्युटरची घरं. देशातल्या डेटा सेंटरचा सगळ्यात मोठा वाटा मुंबई आणि नवी मुंबईच्या पदरात आहे. अ‍ॅमेझॉनने २०१६ मध्ये आणि गूगलने २०१७ मध्ये आपल्या क्लाउडचं मुंबई केंद्र सुरू केलं. व्हॅलोरंट हा गोळीबाराचा गेम खेळणाऱ्या भारतीय मुलांचा सर्व्हरही मुंबईतच आहे.

म्हणजे नवी मुंबईतल्या खेळाडूला सर्व्हर हाकेच्या अंतरावर. तरीही रात्री नऊनंतर रेल्वे रुळांच्या पलीकडच्या सेक्टरांमध्ये घरोघरी एकच ओरड ऐकू येते : लॅग, म्हणजे गेम उशिरा हलतोय, अडखळतोय.

[दृश्य : घणसोली, आठवा मजला. हेडफोन लावलेला एक मुलगा. आवाज : ‘लॅग, लॅग, लॅग! अरे, मी दाबलं होतं!’]

स्क्रीनच्या कोपऱ्यातला मिलिसेकंदांचा, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागांचा, आकडा बघा. ८, ९, ८, ११... आणि एकदम २४०. समोरचा खेळाडू जागच्या जागी गोठतो, पुढच्या क्षणी दुसऱ्याच कोपऱ्यात उगवतो. कळव्याचा टीममेट वैतागून म्हणतो, ‘तुझं नेट बघ रे आधी.’

आणि बहुतेक घरांत नेट बघायचं म्हणजे मोठा प्लॅन घ्यायचा. शंभर एमबीपीएसचे तीनशे करायचे. आईबाबांकडे महिनाभर हट्ट, मग जास्तीचं बिल, आणि पहिल्याच रात्री पुन्हा २४०. हे पैसे वाया जातात याचं मनापासून वाईट वाटतं, कारण दोष वेगाचा नसतोच. गोळीबाराचा गेम खेळताना जाणारा-येणारा डेटा साधारण एक एमबीपीएसच्याही आत असतो. चाळीसचा प्लॅनही त्याला पुरून उरतो. प्रश्न असतो तो डेटाचं एक छोटं पॅकेट सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणाऱ्या वेळेचा. तो वेळ म्हणजे पिंग. तो सारखा वर-खाली होतो, तेव्हा त्याला जिटर म्हणतात. आणि पॅकेट वाटेतच हरवलं, तर पॅकेट लॉस. मोठ्या पण स्थिर पिंगला हाताला सवय लावता येते. उड्या मारणाऱ्या पिंगला नाही.

मोजायला काही विकत घ्यावं लागत नाही. पिंग नावाचा प्रोग्राम माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये लिहिला, आणि तो आज प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये असतो. कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी उघडायची आणि पहिला पिंग इंटरनेटला न देता घरातल्याच राऊटरला द्यायचा. बहुतेक घरांत त्याचा पत्ता १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो.

[दृश्य : काळ्या खिडकीवर उतरत जाणारे आकडे.]

घणसोलीच्या या घरात राऊटर हॉलमध्ये आहे, टीव्हीच्या मागे. मुलगा आतल्या खोलीत. मध्ये एक आरसीसीची भिंत आणि आरसा लावलेलं लोखंडी कपाट. आकडे बघा : २, ३, २, १४८, ३, २११, २. पॅकेट अजून घराच्या बाहेरही पडलेलं नाही! मुंबईतला सर्व्हर, समुद्रातली केबल, कंपनी, कुणाचाच इथे संबंध नाही. दोनशे मिलिसेकंद खोली ते राऊटर या तीस फुटांतच गेले.

कारण वायफायमध्ये हवा सगळ्यांची एकच. एक बोलत असेल तर बाकीच्यांनी थांबायचं, असा तिचा नियम. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न येणारे चॅनेल तीनच धरले जातात : १, ६ आणि ११. आणि सोसायटीतल्या एका खोलीत फोनवर नेटवर्कची यादी उघडली, तर पंचवीस-तीस नावं सहज दिसतात. रात्री नऊला सगळे घरी, सगळे ऑनलाइन. त्यात कुणी मायक्रोवेव्ह लावला, तर तोही त्याच पट्ट्यात गोंगाट करतो. ५ गिगाहर्ट्झवर गेलं की गर्दी कमी होते, पण ते भिंतीपुढे लवकर हरतं. म्हणून राऊटर टीव्हीमागून काढून उघड्यावर, उंचावर ठेवणं हा पहिला उपाय. खरा उपाय मात्र राऊटरपासून कॉम्प्युटरपर्यंत लॅनची वायर.

भाड्याचं घर आहे, भोक पाडायला मालक नाही म्हणतो. या घरात पट्टीसारखी चपटी वायर दाराच्या फटीतून, भिंतीच्या कडेकडेने नेली आहे. आता आकडे : एकच्या आत, एकच्या आत, एकच्या आत.

तरीही कधीकधी उसळी येते, आणि तिची वेळ ठरलेली असते : ताई लग्नावरून परतते आणि तिच्या फोनमधले व्हिडिओ आपोआप क्लाउडवर चढू लागतात. अपलोडची लाइन भरते. राऊटर आणि मोडेम पॅकेट टाकून न देता रांगेत साठवत जातात, आणि गेमचं इवलंसं पॅकेट त्या रांगेच्या शेवटी. घोडबंदर रोडला गायमुखाच्या चढावर कंटेनरच्या मागे अडकलेली रिक्षा आठवा. जिम गेटिस यांनी २०१०-११ च्या सुमारास या दुखण्याला बफरब्लोट हे नाव दिलं. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी रांग छोटी ठेवण्याची कोडेल ही पद्धत मांडली. आज काही राऊटरमध्ये ती एसक्यूएम (स्मार्ट क्यू मॅनेजमेंट) नावाने मिळते. मोजलेल्या वेगाच्या पंच्याऐंशी-नव्वद टक्क्यांवर मर्यादा लावायची, म्हणजे रांग आपल्या ताब्यात राहते. ज्यांच्या राऊटरमध्ये ही सोय नाही, त्यांनी बॅकअपची वेळ मध्यरात्रीनंतरची करावी. ताईशी भांडण्यापेक्षा ते सोपं.

आता सगळ्यात जास्त भांडणं होणारी तक्रार. ‘मी भिंतीआड गेलो होतो, तरी मेलो!’

याचं उत्तर गेमच्या आत आहे. प्रत्येक खेळाडूला समोरचा दिसतो तो थोडा जुना, कारण बातमी यायला वेळ लागतो. म्हणून गोळी सुटली की सर्व्हर काळ तेवढा मागे नेतो आणि मारणाऱ्याच्या पडद्यावर त्या क्षणी काय होतं ते तपासतो. व्हॉल्व्ह या गेम बनवणाऱ्या कंपनीच्या यान बर्नियर यांनी २००१ मध्ये ही पद्धत सविस्तर लिहून ठेवली आहे. त्यामुळे समोरच्याचा पिंग मोठा असेल, तर त्याच्यासाठी तुम्ही अजून उघड्यावरच असता. तुमच्या पडद्यावर तुम्ही भिंतीआड पोहोचलेले असता. दोघंही खरं बोलतात. चीटर म्हणून रिपोर्ट करण्याआधी एवढं लक्षात घ्यायला हवं.

[दृश्य : ठाणे, कासारवडवली. मेट्रोचे खांब, खणलेला रस्ता.]

घोडबंदर रोडवर दुखणं वेगळं. इथे वर्षानुवर्षं खोदकाम चालू आहे, आणि खोदकामात फायबर तुटणं नेहमीचं. मोडेमवर ‘लॉस’चा (एलओएस, म्हणजे सिग्नल गेल्याचा) दिवा लाल झाला, तर प्रकाशच पोहोचत नाही असं समजायचं. मग राऊटर दहा वेळा बंद-चालू करून काही होत नाही. त्यापेक्षा त्रासाचं म्हणजे दिवा कधी हिरवा, कधी लाल. बीजीएमआय हा मोबाइल गेम खेळणाऱ्या इथल्या एका तरुणीची मॅच शेवटच्या वर्तुळातच तुटायची. लाइनमन आला, त्याने फायबरचं टोक काढून पॉवर मीटरला लावलं. प्रकाशाची ताकद उणे ३१ डीबीएम; उणे आकडा जितका मोठा, तितका प्रकाश कमी.

‘ताई, उणे सत्तावीसच्या खाली गेलं की मोडेम पकडत नाही. सोफा हलवला होता का?’

‘हो, दिवाळीची साफसफाई काढली होती.’

सोफ्याच्या पायामागे पिवळी वायर चिमटीत धरल्यासारखी दुमडली होती. काच वाकली की प्रकाश बाहेर गळतो. वायर सैल, मोठ्या गोलाईत फिरवली. उणे २१. मोडेम बदलायची गरज पडली नाही.

काही लॅग मात्र कुणालाच काढता येत नाही. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. सिंगापूर इथून सरळ रेषेत सुमारे ३,९०० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन ३९ मिलिसेकंद हा निसर्गाचाच कर. प्रत्यक्षात त्याहून जास्त लागतात. युरोपच्या सर्व्हरवर शंभराच्या वर. जानेवारी २००८ मध्ये अलेक्झांड्रियाजवळ आणि सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ समुद्रातल्या केबल तुटल्या, तेव्हा वाहतूक लांबच्या वाटेने वळवावी लागली आणि भारतातलं नेटही मंदावलं. म्हणून गेममध्ये शिरताना कुठला रीजन, म्हणजे कुठल्या भागातला सर्व्हर, निवडला आहे, हे आधी बघावं.

घरातला पिंग स्वच्छ, सर्व्हर मुंबईत, तरी आकडा ७०? मग त्याच काळ्या खिडकीत ट्रेसर्ट हा प्रोग्राम चालवायचा. पॅकेट कुठून कुठे जातं ते एकेका ओळीत दिसतं. कधी ते चेन्नईला, कधी थेट सिंगापूरला जाऊन मुंबईत परत येतं. हा दोष कंपनीच्या वाटेचा. ‘नेट स्लो आहे’ म्हणून तक्रार केली, तर कस्टमर केअर स्पीड टेस्ट करायला सांगून मोकळं होतं. रात्री नऊचा आणि सकाळी सातचा ट्रेसर्ट जोडला, तर तक्रार नेटवर्कवाल्यांपर्यंत पोहोचण्याची शक्यता कितीतरी वाढते.

[दृश्य : इमारतीची गच्ची. लिफ्टच्या खोलीशेजारी केबलवाल्याचा लोखंडी बॉक्स.]

आणि पावसाळ्यात वीज जाते. घरातला राऊटर इन्व्हर्टरवर चालू राहतो, पण नेट जातं, कारण गच्चीवरच्या या बॉक्समधल्या स्विचला बॅकअप नाही. हे एकट्याला सुटणारं काम नाही. वाघबीळच्या एका सोसायटीत मुलांनी मीटिंगमध्ये विषय काढला : लिफ्टच्या जनरेटरवरून या बॉक्सला एक पॉइंट द्या.

सेक्रेटरी म्हणाले, ‘गेमसाठी जनरेटर?’

‘काका, आईचं वर्क फ्रॉम होम त्यावरच आहे. आणि गेटचा कॅमेरा तुम्हाला मोबाइलवर दिसतो, तोही.’

इलेक्ट्रिशियनकडून खर्चाचा अंदाज मागवायचं ठरलं. केबलवाल्याने स्विचची वायरिंग आपल्या खर्चाने करावी, असंही मिनिटबुकात लिहिलं गेलं.