टाळ्यांविना मैफल

श्रोतेहो, नमस्कार.

१ जून २०२०, सोमवार, दुपारी एकची वेळ. लंडनच्या विगमोर हॉलमध्ये पियानोवादक स्टीफन हफ वाजवायला बसले. समोर साधारण साडेपाचशे खुर्च्या, आणि कोरोनाच्या साथीमुळे जवळपास सगळ्या रिकाम्या. बाखचं ‘शाकोन’ मूळचं एकट्या व्हायोलिनसाठी रचलेलं. पुढे संगीतकार बुसोनीनं ते पियानोवर आणलं आणि त्याला देवळाएवढं भव्य केलं. त्या दिवशी सुरुवात त्याच रचनेनं झाली. बीबीसीच्या रेडिओ ३ वरून ती मैफल थेट घराघरांत ऐकू येत होती. महिनाभर रोज दुपारी, शनिवार-रविवार सोडून, असाच क्रम चालला.

आम्हा रेडिओवाल्यांना यात नवल वाटायचं कारण नाही. समोर कुणी नसताना बोलायचं, ही आमची रोजची सवय. आत्ताही मी एका बंद खोलीत बसून तुमच्याशी बोलतो आहे. पण वादकाचं तसं नसतं. शेवटचा स्वर विरतो, हात वर उचलले जातात आणि हवेत थांबतात. ते खाली कधी आणायचे, हे ठरवणारं कुणीतरी समोर असावं लागतं. टाळ्या म्हणजे नुसतं कौतुक नव्हे. रचना संपली, यावर दोन्ही बाजूंनी केलेली ती सही असते. एकतर्फी सही करणं किती अवघड आहे, हे त्या वर्षी जगभरच्या कलाकारांना कळलं.

संगीताच्या वाटेत याहून मोठी संकटं आली नव्हती का? आली होती. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झालं आणि लंडनमधली सभागृहं बंद झाली. नॅशनल गॅलरीतली चित्रं बॉम्बच्या भीतीनं शहराबाहेर हलवली होती, भिंती मोकळ्या पडल्या होत्या. पियानोवादक मायरा हेस यांनी तिथे दुपारच्या मैफली सुरू केल्या. पहिली मैफल १० ऑक्टोबर १९३९ ची. त्यानंतर साडेसहा वर्षांत १,६९८ मैफली झाल्या. बॉम्बहल्ले वाढले तशी मैफल तळघरात उतरली, पण थांबली नाही. माणसं एकमेकांना खेटून बसत आणि तेवढ्यानंच त्यांना धीर येई.

साथीनं नेमका हाच आधार काढून घेतला. बॉम्ब शेजाऱ्याच्या श्वासातून येत नाही, विषाणू येतो. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट खोऱ्यात १० मार्च २०२० च्या संध्याकाळी एका हौशी गायकवृंदाची तालीम झाली. ६१ जण हजर होते, अडीच तास गाणं चाललं. त्यांतले ५३ जण आजारी पडले आणि दोघं दगावले. खोल श्वास घेऊन मोकळ्या गळ्यानं गाणं, म्हणजे कालपर्यंत प्रकृतीला उत्तम असं जे आपण सांगत होतो, तेच एकाएकी संशयित ठरलं. बासरी, क्लॅरिनेट, ट्रम्पेट ही फुंकीची वाद्यंही त्याच रांगेत जाऊन बसली. छोट्या मैफल मंडळांच्या वाट्याला मग उरले एकटा पियानो आणि तारवाद्यं. पती-पत्नी दोघंही वादक असतील तर सोन्याहून पिवळं, कारण एका घरातल्यांना अंतर पाळायची सक्ती नव्हती.

घरबसल्या व्हिडिओ कॉलवर एकत्र वाजवायचे प्रयोगही झाले. ते फसले, आणि का फसले हे सोपं आहे. खोलीत आवाजाला एक मीटर जायला तीन मिलिसेकंद लागतात. चार वादक जवळ बसले की हा उशीर कानाला जाणवतही नाही. कॉलवर तोच उशीर शंभर मिलिसेकंदांच्या पुढे जातो. प्रत्येक जण दुसऱ्याची वाट पाहतो आणि लय मंदावत जाते. तुम्ही पाहिलेल्या त्या चौकटी-चौकटींच्या देखण्या चित्रफितींत बहुतेक वेळा प्रत्येकानं आपापला भाग एकट्यानं, कानात ठोके ऐकत वाजवलेला असे. जोडकाम नंतरचं. शिंप्याचं कौशल्य म्हणून मला त्याचं कौतुक आहे, पण मैफल म्हणून नाही.

आता एक योगायोग सांगतो. नोव्हेंबर १९१८, व्हिएन्ना. महायुद्ध नुकतंच संपलं होतं आणि इन्फ्लुएंझाची साथ शहरात होती. चित्रकार एगॉन शीले तिनंच ऑक्टोबरअखेर गेला होता. त्या नोव्हेंबरात संगीतकार आर्नोल्ड शोनबर्गनं खासगी मैफलींची एक संस्था काढली. नियम मोठे कडक. प्रवेश फक्त सभासदांना. समीक्षकांना मज्जाव. काय वाजणार ते आधी कळणार नाही. आणि टाळ्या वाजवायच्या नाहीत, हुर्योही करायची नाही. या नियमांचा साथीशी काही संबंध नव्हता. नवं संगीत लोकांनी शिट्ट्या न मारता, शांतपणे, पुन्हा पुन्हा ऐकावं, एवढाच हेतू. तीन वर्षांत शंभरावर मैफली झाल्या. शोनबर्गनं टाळ्या बंद केल्या तेव्हा ऐकणारी माणसं समोर होती, त्यांचं गप्प बसणं वादकाला जाणवत होतं. २०२० मध्ये गप्प बसायलाही कुणी नव्हतं. या दोन शांतता एकसारख्या नाहीत.

पुढे दारं थोडी किलकिली झाली. दोन मीटरच्या अंतरानं माणसं बसवायची, तर पाचशेच्या सभागृहात शंभरही मावेनात. खजिनदारांच्या कपाळाला आठ्या. मग एकच कार्यक्रम तासाभराचा करून, मध्यंतर काढून, दिवसातून दोनदा वाजवायची युक्ती निघाली. छापील पत्रिका गेल्या. वादकाच्या खांद्याशी बसून स्वरलिपीची पानं उलटणाऱ्या माणसाचं कामही धोक्याचं ठरलं. त्याच्या जागी पायानं पान उलटवणारा टॅबलेट आला. खिडक्या उघड्या ठेवायच्या, म्हणून तारांचा सूर ढळायचा.

आणि खोकला! सोनाटा म्हणजे अनेक भागांची रचना; तिचा एक भाग संपून दुसरा सुरू होईपर्यंतच्या त्या चार-पाच सेकंदांत सभागृहभर साठवलेला खोकला मोकळा करायचा, हा या मैफलींतला जुना रिवाज. वादक त्यावर चिडायचे. लोक परतले तेव्हा त्या जागेत काहीच ऐकू येईना. कुणाचा घसा खवखवला, तरी तो मास्कच्या आत आवंढा गिळून बसे. कारण एक खोकला ऐकू आला, की पुढच्या तीन रांगा वळून बघत.

नमस्कार.