पावसची एक खोली

(दृश्य: रत्नागिरीचा भाट्याचा पूल, पुढे पावसकडे जाणारा रस्ता, दुतर्फा हापूसच्या बागा)

कोकणातला पोरगा हाताशी आला की मुंबई गाठायचा आणि दरमहा घरी मनीऑर्डर पाठवायचा, ही इथली जुनी रीत. पावसच्या गोडबोल्यांचा रामचंद्रही, म्हणजे पुढचे संत स्वामी स्वरूपानंद, मुंबईला शिकायला गेला. जन्म १५ डिसेंबर १९०३ चा. पण असहकाराची लाट आली, त्याने शाळा सोडली आणि गावी परतून स्वावलंबनाश्रम काढला. घरच्यांना काय वाटलं असेल, ते कुठल्याही कोकणी आईबापांनी सांगावं!

दुसरी हाक पुण्यात आली. १९२३ साली नाथ संप्रदायातल्या गणेशनाथ महाराजांनी, म्हणजेच बाबा वैद्यांनी, त्यांना सोऽहं साधनेचा, म्हणजे 'तो मीच' या ध्यानाचा, अनुग्रह दिला. गंमत अशी, की तो मिळाल्यावरही रामभाऊंनी चळवळ सोडली नाही. १९३२ मध्ये येरवड्याचा तुरुंगही पाहिला.

१९३४ मध्ये मात्र दुखण्याने अंथरुणाला खिळवलं. मरण उशाशी येऊन बसलं. त्या दिवसांतलं मन त्यांच्या 'अमृतधारा'मधल्या साक्यांमध्ये, म्हणजे साकी छंदातल्या कवितांमध्ये, वाचायला मिळतं.

(दृश्य: अनंत निवास, खोलीचं दार)

पुढची सुमारे चाळीस वर्षं गेली ती पावसमध्येच, देसायांच्या 'अनंत निवास'मधल्या एका खोलीत. भोवती नांदतं घर, आणि आत स्वामी स्वरूपानंद. परमार्थासाठी घर सोडणारे पुष्कळ ऐकलेत. हे घरातच राहिले, तेही दुसऱ्याच्या.

त्या खोलीतलं एक काम जरा जवळून बघू. ज्ञानेश्वरी १२९० सालची, नऊ हजारांवर ओव्या. ओवी मोकळी, अक्षरं मोजत नाही. मोठ्या अभंगाला सहा, सहा, सहा, चार असं अक्षरांचं माप. त्यात ज्ञानदेवांचा अर्थ बसवायचा आणि मराठी आजची ठेवायची. एखादं अक्षर वाढलं की चाल अडखळते. स्वामींनी अठराही अध्याय असे अभंगात आणले. स्वामींचे चमत्कार सांगणारे वाटेत भेटतील. आम्हाला विचाराल, तर 'अभंग ज्ञानेश्वरी' उघडा.

१५ ऑगस्ट १९७४ ला त्यांनी देह ठेवला. स्वातंत्र्यदिनी, आणि तोही एका सत्याग्रहीने!

समाधिमंदिरात दुपारी खिचडीचा प्रसाद असतो. तो घेऊन लोक गणपतीपुळ्याची वाट धरतात. तुम्हीही धरा, पण आधी अनंत निवासमध्ये जाऊन या.