बोअर लॉगमध्ये वासाचा रकाना नसतो

मागे ऐकू येतंय ना? बरं. माझी नोकरी म्हणजे जमिनीला भोकं पाडायची, बिल्डिंग उठायच्या आधी बोअर मारून खाली भराव किती, मुरूम कुठे, खडक कितीवर लागतो ते बघायचं.

गिरणगावातल्या एका बंद सरकारी मिलमध्ये काम लागलं होतं, नाव राहू दे. डाईंग खात्याच्या, म्हणजे कापड रंगवायचे तिथल्या मागे बोअर घेतला, दीड मीटरवरचा सॅम्पलर, म्हणजे मातीचा नमुना घेणारी नळी, उघडला तर माती जांभळट काळी आणि वास असा की रॉकेलमध्ये डांबरगोळ्या विरघळवल्यात, आमच्या हेल्परने तीनदा साबण लावला तरी बोटांचा रंग जाईना. आमची टेस्ट काय, 63.5 किलोचा हातोडा 75 सेंटिमीटरवरून टाकायचा आणि सॅम्पलर 30 सेंटिमीटर आत जायला किती ठोके लागतात ते मोजायचे. मी बोअर लॉगमध्ये, म्हणजे किती खोलीवर काय लागलं त्या तक्त्यात, लिहिलं, काळा भराव, ठोके 9. वासाला रकानाच नाही ना! आर्किटेक्टला सांगितलं तर म्हणे, साहेब, लोड किती घेईल तेवढं बोला.

त्याचं तरी काय चुकलं, त्याला तेवढंच विचारलेलं. 2005 ला एनटीसीने, म्हणजे सरकारी राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने, मुंबईतल्या 5 मिल विकल्या, कोहिनूर 421 कोटी, मुंबई टेक्स्टाईल 702 कोटी, आणि मिलच्या जमिनीतली म्हाडाला घरांसाठी किती, मोकळी जागा किती यावरून प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. भांडण रास्तच होतं, माझे वडील साचाखात्यातले, मला नका सांगू. पण सगळा हिशोब चौरस मीटरचा, खोलीचा कोण विचारतो?

मालाडला चिंचोली बंदरचं डम्पिंग बंद झालं, तिथे काचेची ऑफिसं आली आणि कॉम्प्युटर बिघडायला लागले. कुजणाऱ्या कचऱ्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो, देव्हाऱ्यातलं चांदीचं निरांजन काळं पडतं ना, तसंच सर्किटमधलं तांबं-चांदी काळं पडतं. माणसांचं डोकं दुखलं असतं तर क्रोसिन देऊन बसवलं असतं, मशीन बंद पडल्या म्हणून धावपळ.

आता देवनारचं डम्पिंग. 1927 पासूनचा कचरा, 2016 ची आग आठवत असेल, आणि तिथली 124 एकर धारावीच्या पुनर्वसनाला दिलीय. केंद्राने 2025 च्या जुलैत दूषित जागांचे नियम आणले, ज्याने घाण केली त्याने खर्च द्यायचा, छान आहे, पण डम्पिंगचा कचरा त्यातून वगळलाय, त्याला वेगळा कायदा आहे म्हणून. कचरा उपसतील हो, पण त्याचं काळं पाणी इतकी वर्षं खाली मुरलंय, ती माती किती खोल तपासणार आणि काढली तर टाकणार कुठे, हे लेखी मागा.

कारण त्या मिलची माती पुढे बेसमेंटसाठी खणली. गेटवर डंपर उभा होता, ड्रायव्हरला विचारलं, कुठे चाललास रे? म्हणाला, भिवंडीला, एका चाळीच्या भरणीला.