सेकंडहँड गाडी बिघडली? आधी गॅरेजवाल्याला थांबवा

नमस्कार मंडळी. गणपती झाले की मला एकच मेसेज येतो: "दादा, गावी यायला जुनी गाडी घेतली, आठवड्यात बसली. डीलर पैसे परत देईल काय?" सरळ मागून देत नाही. पण मागायची एक रीत आहे.

आरसी, विमा, चलन, मालकी बदलायचे फॉर्म २९-३० हे तुम्हाला पाठ आहे, सोडून देतो. एवढंच बघा की गाडी डीलरकडनं घेतलेली हवी. शेजारच्या काकांनी विकली असेल तर ग्राहक आयोगात तक्रार चालत नाही.

आता मुद्दा. गाडी बिघडली की पहिलं काय करता? उघडता! माझ्या मेव्हण्याने हेच केलं. घाटावरच्या डीलरकडनं गाडी आणली, आणि पुढच्या आठवड्यात कुंभार्ली घाट चढताना टेम्परेचरचा काटा लाल. खाली आणून ओळखीच्या गॅरेजात इंजिनचं हेड, म्हणजे वरचा भाग, उतरवलं, त्याखालचं गॅस्केट (सील) बदललं, बिल बावीस हजार. मग डीलरला फोन. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, माझ्याकडनं गाडी चांगली गेली. तुमच्या मेस्त्रीने खोलून वाट लावली." आता काय बोलणार? पुरावा होता तोच मेस्त्रीने काढून टाकला होता.

म्हणून गाडी उभी करा. टोइंगला चार पैसे जाऊ देत. "दादा, तेवढं रत्नागिरीपर्यंत चालवत नेऊ का?" नको रे बाबा! तापलेली गाडी जेवढे किलोमीटर चालवशील, तेवढं डीलरला बोलायला मिळेल. मीटरचा फोटो काढ आणि चावी खिशात ठेव.

मागच्या व्हिडिओखाली एकाने लिहिलंय, "मी सतरा फोन केले." केलेस ना? त्यात काय बोललात ते कुठे लिहिलंय? व्हॉट्सॲपवर लिही, मग तेच पत्र स्पीड पोस्टाने पाठव आणि पावती जपून ठेव. गाडी कधी घेतली, मीटर किती होता, दोष काय, जाहिरातीत "इंजिन ओके, नॉन-ॲक्सिडेंट" म्हटलं होतं त्याचा स्क्रीनशॉट. शेवटी स्पष्ट लिहायचं: पंधरा दिवसांत माणूस पाठवून गाडी तपासा, नाहीतर रक्कम परत द्या. तपासायला बोलावल्यावर आला नाही, तर तेही तुमच्याच बाजूने जातं. त्यानंतर अधिकृत सर्व्हिस सेंटरकडनं लेखी तपासणी आणि जॉब कार्ड, म्हणजे गाडीच्या कामाची त्यांची नोंद. तोवर पान्याला हात नाही!

पुरात बुडालेली गाडी गळ्यात मारली असेल, तर तिचंही तेच. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, आतल्या वीतभर पट्ट्यावर गाळाचा डाग असेल तर धुवू नका, फोटो काढा. यावर एक ताई चिडल्या, "चिपळूणला बदनाम करता." अहो ताई, २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरात माझी स्वतःची स्कूटर पाण्यात होती. गाळ कसा दिसतो ते मला कोण शिकवणार?

पत्राला उत्तर नाही आलं, तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. डीलर कोल्हापूरचा असला तरी २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दावा करता येतो, घाट चढायला नको. तक्रार ऑनलाइनही भरता येते. पाच लाखांपर्यंतच्या गाडीला फी नाही. मुदत दोन वर्षांची. "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" हा शिक्का बघून घरी बसू नका, त्याने तक्रारीचा हक्क जात नाही. उलट बिलावर परतीची मुदतच लिहिलेली नसेल, तर तीस दिवसांत सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे.

मेव्हण्याचं पुढे काय झालं विचाराल. आम्ही त्या गॅरेजच्या भंगारात जाऊन गॅस्केट शोधलं. सापडलंही. पण तिथे त्याच मापाची तीन जळकी गॅस्केट पडली होती, आणि आमचं कुठलं ते मेस्त्रीलाही सांगता येईना.