चाक फिरवा, नोकरी घ्या

नमस्कार. मागं ऐकू येतंय ना? ओके. हे जे हातात धरलंय ते राखाडी प्लास्टिकचं कार्ट्रिज आहे, सुपर फॅमिकॉमचं, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायच्या निन्टेंडोच्या मशीनचं, आणि त्यावर लिहिलंय 'सुपर जिन्सेई गेम', तकारा कंपनी, १९९४. जिन्सेई म्हणजे आयुष्य. जपानात नागोयाला नोकरीला होतो तेव्हा एका सेकंडहँड दुकानात टोपली भरून अशी कार्ट्रिजेस पडली होती, त्यातनं १०० येनला उचललं, घरी ते चालवायचं मशीनच नव्हतं हा भाग वेगळा.

खेळ एकदम सोपा. चाक फिरवायचं, जो आकडा येईल तेवढी घरं आपली गाडी पुढं न्यायची आणि त्या घरावर जे लिहिलंय ते भोगायचं. नोकरी लागते, लग्न होतं, पोरं होतात, मधेच कुठं नुकसान, कुठं घबाड, आणि शेवटाला पोचल्यावर ज्याच्याकडं जास्त पैसा तो जिंकला. बास.

आता हे जपानी डोक्यातनं आलेलं नाही बरं का. मूळ अमेरिकेतलं. १८६० साली मिल्टन ब्रॅडली नावाच्या लिथोग्राफरनं, म्हणजे शिळाछापावर चित्रं छापणाऱ्यानं, पहिला 'लाइफ'चा पट काढला, त्यात फासे नव्हते कारण फासे म्हणजे जुगार, सभ्य घरात चालायचे नाहीत, म्हणून भोवऱ्यासारखी एक फिरकी दिली. आणि जायचं कुठं, तर 'सुखी म्हातारपण' नावाच्या घरात. बरोबर १०० वर्षांनी, १९६० साली, रूबेन क्लेमरनं तो पार बदलला, चाक आलं, गाड्या आल्या, बायको, नवरा, पोरं म्हणून गाडीत खोचायच्या गुलाबी-निळ्या काड्या आल्या, आणि म्हातारपणाच्या जागी डॉलर आले. तकारानं १९६८ साली तो जपानीत आणला, सुरुवातीला जवळपास जसाच्या तसा, त्यामुळं ओसाकातलं पोरगं डॉलर मोजत बसायचं. खास जपानी आयुष्यावर बेतलेला पट यायला १९८३ उजाडलं.

पण जपानला पटावरचं आयुष्य काही नवीन नव्हतं. सुगोरोकु म्हणून त्यांचा जुना खेळ आहे, नवीन वर्षाला घरोघर खेळायचे. त्यातला एक बौद्ध प्रकार, जोदो सुगोरोकु, तिथं खाली नरक आणि शेवटचं घर म्हणजे बुद्धाचं पवित्र स्थान. ऐकल्यासारखं वाटतंय ना? आपला मोक्षपट. ज्ञानेश्वरांच्या नावानं सांगतात तो, शिड्या म्हणजे सद्गुण, साप म्हणजे दुर्गुण, वरती मोक्ष. मला यातली गंमत शेवटच्या घराची वाटते. मोक्ष होता, मग सुखी म्हातारपण, मग पैसा, आणि २०१९ साली जपानात नव्या सम्राटाचं रेइवा युग सुरू झालं तेव्हा याच खेळाची रेइवा आवृत्ती काढली त्यात तर पैसाही गेला, जास्त फॉलोअर ज्याचे तो जिंकला! हसताय काय, इथं पहिल्या रांगेत तिघं रील बघतायत.

तर कार्ट्रिजकडं येतो. पटावर खेळायचं तर एक बँकर लागतो, बँकर म्हणजे घरातला थोरला आणि थोरला म्हणजे चोर, व्यापार खेळलेल्यांना हे सांगायला नको. कार्ट्रिजनं हिशोब स्वतःकडं घेतला, चोरी बंद. पण त्यात एक गोष्ट गेली. खऱ्या चाकाला तुम्ही बोटानं झटका देता, ते करकर करत फिरतं, हळू होतं, आठवरनं नऊवर जाऊ का नको करतं, आणि तुम्हाला मनापासून वाटतं की माझ्या मनगटामुळं नऊ आला. बटण दाबलं की ती फीलिंग येत नाही. वर कॉम्प्युटर खेळाडूची पाळी आली की आपण गप बसून त्याचं लग्न बघायचं. खेळ म्हणून बघाल तर हडसन कंपनीचा रेल्वेचा व्हिडिओ गेम, सुपर मोमोतारो देनतेत्सु, १९८९ चा, मला जास्त आवडतो, त्यात कोणीतरी ठरलेल्या स्टेशनला पोचलं की सगळ्यात लांब राहिलेल्याच्या मागं दरिद्री देव लागतो, त्यामुळं अख्खी खोली आरडाओरडा करत असते.

पण हे कार्ट्रिज मी टाकत नाही त्याचं कारण त्यावरचं साल. निक्केई, म्हणजे जपानचा शेअर निर्देशांक, १९८९ च्या शेवटी ३८ हजारांच्या वर होता, मग फुगा फुटला, आणि १९९४ साली जपानमध्ये वर्षाच्या गाजलेल्या शब्दांना जी बक्षिसं देतात त्यात एक मिळालं 'शुशोकु ह्योगाकी'ला. शुशोकु नोकरी, ह्योगाकी हिमयुग. नोकऱ्यांचं हिमयुग! आणि त्याच वर्षी दुकानात हा खेळ, की चाक फिरवा, नोकरी घ्या.

माझा तिथला एक सहकारी बरोबर त्याच बॅचचा. कार्ट्रिज बघून म्हणाला, अरे, आमचं मशीन माळ्यावर आहे, नवीन वर्षाला ये. गेलो. आठ वर्षं कंत्राटावर काढून मग कायम झालेला माणूस, नोकरीचं घर आलं तसं बटण दाबायच्या आधी थांबला आणि म्हणाला, मी साठ कंपन्यांना अर्ज केले होते, इथं एका दाबात काम होतं. आणि दाबलं. नंतर अर्धा तास मशीन चाललं आणि जुना टीव्ही जो काळा पडला तो पडलाच.

मग त्याच्या आईनं कपाटातनं जुना पट काढला, पुठ्ठ्याचा, कोपरे सेलोटेपनं चिकटवलेले, नोटा रबरबँडमध्ये. त्यात लग्नाच्या घराला नियम असा की कितीही आकडा येऊ दे, पुढं पळता येत नाही, सगळ्यांना तिथं थांबावंच लागतं. आमचा हा सहकारी पंचेचाळिशीचा, बिनलग्नाचा, आला दहा, पण थांबला. आईनं डब्यातनं गुलाबी काडी शोधून त्याच्या गाडीत त्याच्या शेजारी खोचली, नीट बसली का ते दाबून बघितलं, आणि माझ्याकडं बघून म्हणाली, इथं तरी झालं.

तो म्हणाला, आई, तुझी पाळी.